हैफाची चढण

हैफा म्हटलं की जोधपूरच्या स्वारांची धडक आठवते. २३ सप्टेंबर १९१८. पण कार्मेल डोंगर चढून वरच्या तोफांना भिडले ते म्हैसूर लान्सर्सचे स्वार. ते वर गेले नसते तर खालची धडक कितपत टिकली असती?

लेबनॉनच्या शांतिसेनेत असताना सुट्टीत दोस्तांबरोबर त्याच उतारावर जेवलो. हुमुस, फलाफल, भाजलेलं वांगं (आपल्या भरताचा भाऊच!). खाली बंदर. या चढावर घोडे घातले कसे, यावरच जेवण रंगलं.

दिल्लीतल्या तीन मूर्तींमधली एक म्हैसूरची. २०१८ मध्ये त्या चौकाच्या नावात हैफाही आलं. आता खुद्द म्हैसुरात, दसऱ्याच्या मिरवणुकीत घोडेस्वार निघतात तेव्हा, भोंग्यावरून या स्वारांचं नाव घ्यायला काय हरकत आहे?