कूलिंग प्लेट: हवा वळते, पण इंजिन थंड होतं का?

रेडिएटरच्या वरची फट झाकणारी चकाचक कूलिंग प्लेट रील्समध्ये भारी दिसते. तिनं स्पोर्ट्स कारचा एअरफ्लो सुधारतो, हा दावा खरा आहे का? अर्धाच.

हवा नेहमी सोपी वाट धरते. ग्रिलमधून आलेल्या हवेला रेडिएटरची दाट जाळी अडवते, म्हणून थोडी हवा वरच्या फटीतून निसटते. प्लेट ती फट बुजवते. पण याचा उपयोग वेगात. पिशोरहून कन्नडमार्गे चाळीसगावला जाताना औट्रम घाटात रांगत असाल, तर हवा खेचतो रेडिएटरचा फॅन. आणि कंपनीनं फट आधीच फोम किंवा प्लॅस्टिकनं बंद केली असेल, तर प्लेट म्हणजे निव्वळ शोभा.

दुसरी गोष्ट थर्मोस्टॅटची. कूलंट साधारण 90 अंशांच्या आसपास ठेवणं हे त्याचं काम. धडधाकट गाडीत हवा वाढली, तर तो कमी उघडतो आणि तापमान तिथंच राहतं. फरक पडलाच तर ट्रॅकवर, सलग जोरात चालवताना.

खात्री हवी? ओबीडी अ‍ॅडॉप्टर ब्लूटूथनं फोनला जोडा. तोच रस्ता, तीच वेळ, तोच वेग, एसीही तसाच ठेवून प्लेटआधीचं आणि नंतरचं तापमान बघा.

काटा लालकडे जात असेल, तर मात्र प्लेट मागवू नका. इंजिन थंड झाल्यावर कूलंटची पातळी, गळती, फॅन आणि धुळीनं भरलेली जाळी तपासा. हेड गॅस्केट गेलं, तर बिल प्लेटच्या कितीतरी पट येतं.