तलासरीची मुलं फक्त नमुना म्हणूनच हवीत का?

नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीची जमीन हलायला लागली, ती कित्येक महिने शांत झाली नाही. धुंदलवाडीच्या आसपासची माणसं ऐन थंडीत अंगणात, तंबूत झोपली. १ फेब्रुवारी २०१९ला धक्का बसल्यावर जीव वाचवायला पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी गेली. शास्त्रज्ञ आले, त्यांनी भूकंपमापक बसवले, हजारो लहान धक्के नोंदले. ते काम हवंच होतं. पण माणूस पुन्हा घरात झोपायला कधी जातो आणि कशाच्या भरवशावर जातो, हे त्या यंत्राला कळत नाही. ते विचारू शकली असती ती त्याच पाड्यांवरून डहाणू-तलासरीच्या महाविद्यालयांत येणारी मुलं. त्यांना ते विचारायला आपण कधी शिकवलं?

पदवीच्या प्रकल्पांचा साचा सर्वांना पाठ आहे. विषय ताण, नाहीतर मोबाइलचं व्यसन. गूगल फॉर्म, शंभरेक जणांचा नमुना, त्यातले बहुतेक आपल्याच वर्गातले. दोन-चार रंगीत वर्तुळालेख, आणि शेवटी ‘जनजागृतीची गरज आहे’. मुलांना हसण्यात अर्थ नाही, साचा आपणच हातात दिला.

शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची १९८३ची ताण मोजण्याची प्रश्नावली या प्रकल्पांसाठी सोयीची. फुकट मिळते, दहा-चौदा प्रश्नांत काम होतं. गेल्या महिन्याभरात गोष्टी हाताबाहेर गेल्यासारखं किती वेळा वाटलं, असं ती विचारते. त्या हिवाळ्यात धुंदलवाडीत ‘नेहमीच’ म्हणणारा माणूस काही चुकीचं सांगत नव्हता, गोष्टी हाताबाहेर गेलेल्याच होत्या. त्याच्या उत्तराची बेरीज करून ‘तीव्र ताण’ लिहिणं म्हणजे भिंत हलतेय हे सोडून भिंतीखालच्या माणसाची तपासणी करणं. इथे भीती कुठे संपते आणि शहाणपण कुठे सुरू होतं, हे समजायला वारलीत बोलता यावं लागतं. घर कुडाचं की विटांचं, हेही विचारावं लागतं. बाहेरून आलेल्याच्या ते डोक्यातसुद्धा येणार नाही.

हेन्रिक, हाइने आणि नोरेन्झायन यांनी २०१०मध्ये मानसशास्त्राची एक गंमत उघड केली: माणसाच्या मनाबद्दलचे दावे मुख्यतः पाश्चात्त्य, सुखवस्तू समाजांतल्या लोकांवरून, त्यातही बरेचसे पदवीच्या विद्यार्थ्यांवरून केलेले आहेत. तिकडचा विद्यार्थी निदान नमुना तरी झाला! आमच्याकडे नमुना होतो तो त्या विद्यार्थ्याचा अख्खा समाज. चित्रांसाठी वारली हवा, रक्तासाठीही हवा. जुलै २०२३पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान चालू आहे, सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. तपासणी झाली की हातात कार्ड येतं. ते कार्ड लग्नाच्या बोलणीत काढलं जातं की पत्र्याच्या पेटीत लपवलं जातं? हा प्रश्न बीएस्सीच्या मुलीने आपल्या मावशीला विचारायचा आहे.

पण वैद्यक संशोधन परिषदेची विद्यार्थी-संशोधन योजना, १९७९पासूनची, एमबीबीएस-बीडीएसवाल्यांसाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यानुसार चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ घ्यायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. घरचे दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेल्यावर भावंडं सांभाळत इंग्रजी पुस्तकांशी झटणारी मुलगी ६२वर अडकते. कुतूहलाचे टक्के कोण मोजतं?

‘आधी पाया पक्का होऊ द्या, संशोधन नंतर’ असं म्हणणारे भले लोक मला भेटतात. त्यांनी हे वाक्य मुंबईच्या मुलांना ऐकवून पाहावं. गोदावरी परुळेकर चाळीसच्या दशकात याच पाड्यांवर फिरल्या. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ त्या फिरण्यातून आलं, प्रयोगशाळेतून नव्हे. नैतिकतेचा आक्षेप मात्र खरा आहे. मावशीच्या कार्डाबद्दल विचारायचं तर तिची संमती हवी, नाव झाकायला हवं, आणि हे तपासणारी समिती लहान महाविद्यालयाकडे नसते. मग विद्यापीठाने तालुक्यातल्या सगळ्या महाविद्यालयांसाठी मिळून एक समिती नेमावी, तिचे अर्ज मराठीत घ्यावेत, आणि ती ७५ची अट काढावी. भूकंपमापकांसाठी पैसे आणि माणसं मिळाली होती. वही, पेन आणि पाड्यापर्यंतच्या जीपभाड्याला किती लागतात?