दुर्बिणीच्या पेटीत एक फोन हवा

पाऊस थांबला की राज्यभरातल्या खगोल मंडळांच्या पेट्या उघडतात. आरशांवर बुरशी आली आहे का ते पाहिले जाते, बॅटऱ्या चार्जिंगला लागतात, नोव्हेंबरपासूनच्या अमावास्यांच्या आसपासचे शनिवार आकाशदर्शनासाठी राखून ठेवले जातात. यंदा या तयारीत आणखी एका वस्तूची भर पडायला हवी. ज्या फोनवरून दुर्बीण चालवायची, तो फोन मंडळाचा आणि फक्त दुर्बिणीचाच असायला हवा.

तारेविना चालणारी दुर्बीण आता नवलाईची राहिलेली नाही. माउंटमध्येच, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीतच, वाय-फाय बसवलेली ‘नेक्सस्टार इव्होल्यूशन’ ही दुर्बीण सेलेस्ट्रॉनने 2014 मध्ये आणली. स्काय-वॉचरचे माउंट ‘सिनस्कॅन’ अ‍ॅपवरून चालतात. हाताने सर्किट जोडणारे हौशी लोक ‘ऑनस्टेप’ या मुक्त प्रणालीच्या मदतीने जुन्या माउंटलाही वाय-फाय देतात. आतली भाषा मात्र बरीच जुनी आहे. मीड कंपनीच्या 1992 च्या ‘एलएक्स 200’साठी ठरलेल्या, कोलनने सुरू होऊन हॅशने संपणाऱ्या छोट्या आज्ञा ऑनस्टेपला आजही समजतात. बोटाने देवयानी दीर्घिकेवर टिचकी मारली की हवेतून जाते ती अशाच छोट्या आज्ञांची चिठ्ठी.

फोनमुळे सर्वांत मोठा फायदा झाला तो वेळ आणि ठिकाण या दोन नोंदींचा. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. भारताची वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यातला अर्धा तास भरायचा राहिला तर दुर्बीण साडेसात अंश चुकते, म्हणजे पौर्णिमेचे पंधरा चंद्र ओळीने मांडावेत इतकी. दुर्बिणीच्या काही रिमोटमध्ये तारीख भरताना महिना आधी लिहावा लागतो. तिथे सवयीने 05/11 लिहिले की यंत्र 5 नोव्हेंबरऐवजी 11 मेचे आकाश गृहीत धरते आणि कृत्तिका शोधायला निघालेली दुर्बीण जमिनीकडे वळते. फोन या दोन्ही नोंदी स्वतः भरतो. जीपीएसला मोबाइलची रेंजही लागत नाही.

अडचण येते ती याच फोनमधून. दुर्बिणीचे वाय-फाय तिने स्वतः उभे केलेले असते, त्यात इंटरनेट नसते. अनेक अँड्रॉइड फोन असे ‘रिकामे’ नेटवर्क सोडून गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतात. मग पडद्यावरचा नकाशा तसाच दिसत राहतो, पण दुर्बीण ढिम्म हलत नाही. आयफोनमध्ये अ‍ॅपला स्थानिक नेटवर्क वापरण्याची वेगळी परवानगी द्यावी लागते. ती एकदा नाकारली गेली की माळरानावर कारण शोधण्यात अर्धा तास जातो. त्यातच कार्यकर्त्याला घरून फोन येतो, व्हॉट्सअ‍ॅपची पाटी पांढरी लखलखते आणि वीस-तीस मिनिटांत अंधाराला सरावलेले रांगेतले डोळे क्षणात दिपतात. अ‍ॅपचा लाल मोड अ‍ॅपपुरताच असतो, वरून येणाऱ्या सूचनांना तो झाकत नाही.

यावर उपाय खर्चाचा नाही. कोणा सभासदाच्या कपाटात पडून असलेला, जीपीएस चालू असलेला जुना फोन किंवा टॅब पुरतो. त्यात सिम नको. फ्लाइट मोड लावून फक्त वाय-फाय आणि लोकेशन सुरू ठेवावे, पडद्यावर लाल जिलेटीन पेपर चिकटवावा. अ‍ॅप अद्ययावत करायचे ते निघण्याच्या आदल्या दिवशी, घरी. जितकी जागा अंधारी तितकी रेंज कमी, हे वांगणीपासून पेंचपर्यंत रात्री काढलेल्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. आणि जोडणी वारंवार तुटत असेल, तर अ‍ॅपला दोष देण्याआधी बॅटरी तपासावी. मोटारी वेगाने फिरताना विद्युतदाब खाली येतो आणि वाय-फायचा भाग बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

असा फोन हाती असला की खरे दार उघडते, कारण तो दुसऱ्याच्या हातात देता येतो. स्वतःचा फोन कोणी पाचवीतल्या मुलीकडे देत नाही. मंडळाचा टॅब देता येतो. आजवर मुले रांगेत उभी राहत, दहा सेकंद डोळा लावत आणि पुढे सरकत. आता त्यांच्यातलीच एक जण शनी निवडते, मोटारींचा आवाज ऐकते, नळी कुठे वळते ते पाहते. जिना चढता न येणारे आजोबा, व्हीलचेअरवरचा मुलगा यांनाही रात्रीची पुढची वस्तू ठरवता येते. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात इतकी मोलाची भर अलीकडे दुसऱ्या कुठल्या उपकरणाने घातलेली नाही.

मात्र टॅब ज्याच्या हाती, त्याला दुर्बीण समोर दिसलीच पाहिजे. तंबूत बसून आज्ञा दिली तर फिरणारी नळी कोणाच्या तरी कपाळावर आदळू शकते. दिवसा हा टॅब मुलांकडे देऊच नये. फिल्टर नसलेली दुर्बीण सूर्यावरून सरकली आणि त्या क्षणी कोणाचा डोळा तिला लागलेला असला, तर त्याची भरपाई नाही.

अलाइनमेंट, म्हणजे ओळखीच्या ताऱ्यांवर रोखून दुर्बिणीला आकाशाची दिशा कळवणे, अजूनही जाणत्या कार्यकर्त्यानेच करावे, आणि त्याला आकाश पाठ असावे. अ‍ॅप जो ठळक तारा सुचवेल तो सोयीचा असेलच असे नाही. उदाहरणार्थ, स्वाती मुंबईच्या जवळजवळ नेमक्या डोक्यावरून जाते, मेच्या मध्यावर रात्री साडेअकराच्या सुमारास. तिथे आडव्या-उभ्या अक्षांच्या माउंटला किंचित हलायलाही आडवी मोठी गिरकी घ्यावी लागते. त्या वेळी चित्रा आणि अभिजित घेतलेले बरे.

या महिन्यात पेटी उघडाल तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: दुर्बिणीच्या वाय-फायचे नाव, पासवर्ड, अ‍ॅपचे नाव आणि टॅबचा चार्जर कोणत्या कप्प्यात आहे ते. अक्षर मोठे असावे, लाल विजेरीत वाचता येईल इतके. आणि शाई लाल नको, लाल उजेडात ती दिसत नाही.