मॅडन 26 : नवं मॉडेल की नुसतं फेसलिफ्ट?

गाडी खरंच नवी आहे की नुसतं फेसलिफ्ट, हे पिंपरी-चाकणच्या पोरांना सांगावं लागत नाही. बंपर बदलला, हेडलाइटला एलईडीची पट्टी आली, डॅशबोर्डवरची स्क्रीन मोठी झाली, पण बॉनेटखाली इंजिन तेच... शोरूमचा सेल्समन कितीही गोड बोलला तरी लाइनवर काम करणारा एका नजरेत ओळखतो. या वेळी हीच नजर एका व्हिडिओ गेमवर टाकू या. कारण हा गेमही दरवर्षी ‘न्यू मॉडेल’ म्हणून बाजारात येतो. नाव ‘मॅडन एनएफएल’. ऑगस्ट 2025 मध्ये त्याचा ‘26’ नंबरचा भाग आला. खेळ, अमेरिकन फुटबॉल.

‘आपला काय संबंध?’ म्हणून पान उलटू नका, थांबा!

हडल तर रोजच करतो!

सकाळच्या झटपट मीटिंगला आपण ‘हडल’ म्हणतो. डेडलाइनच्या आदल्या रात्री क्लायंट ‘हेल मेरी’ म्हणतो. म्हणजे शेवटच्या क्षणी देवाचं नाव घेऊन फेकलेला लांबच लांब पास. ‘मंडे मॉर्निंग क्वार्टरबॅक’ म्हणजे मॅच संपल्यावर शहाणपण शिकवणारा. असा एक नग प्रत्येक ऑफिसात असतोच! हे सगळे शब्द या खेळातले. तिकडे रविवारी दुपारी एकला मॅच सुरू होते, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा (नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकरा). मग पुढच्या कॉलची पहिली पाच मिनिटं सगळे त्यावरच बोलतात आणि आपण म्यूटवर.

आणि हो, 2012 मध्ये ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’चा पहिला सीझन झाला, त्यात ‘पुणे मराठाज’ नावाची टीमही होती. मॅचेस मात्र झाल्या कोलंबोत!

कबड्डी अधिक बुद्धिबळ

नियम सोपा आहे. 11 जणांची टीम, 10 यार्ड पुढे सरकायचं, त्यासाठी चार चान्स. सरकलात तर पुन्हा चार, नाहीतर बॉल समोरच्याकडे. पलीकडच्या टोकाला पोचलात की टचडाउन, 6 पॉइंट. प्रत्येक चान्सआधी खेळ थांबतो, डाव ठरतो, मग काही सेकंदांत सगळा राडा. म्हणूनच ज्याला चढाई आणि पकड कळते, त्याला हा खेळ दोन संध्याकाळींत कळतो. क्वार्टरबॅक म्हणजे आपला रेडरच. फक्त त्याला दम धरायचा नसतो, बॉल फेकायचा असतो.

बॉनेटखाली काय?

आता मुद्द्याचं. या भागात इंजिनाला हात लागलाय, हे मान्य करावं लागेल. ‘क्यूबी डीएनए’ नावाच्या फीचरमुळे प्रत्येक क्वार्टरबॅक आपापल्या खऱ्या सवयींनी खेळतो. कोणी दबाव आला की पळतो, कोणी जागेवर उभा राहून पास शोधतो. समोरचा कॉम्प्युटर कोचही खऱ्या मॅचेसच्या डेटावर शिकून डाव टाकतो, त्यामुळे एकच डाव घोटून जिंकायचे दिवस संपले. धुकं आणि बर्फ आता नुसती सजावट राहिलेली नाही. नजर कमी पडते, पाय घसरतो.

मला सगळ्यात आवडलं ते ‘वेअर अँड टिअर’. शॉप फ्लोअरवरचा हा शब्द इथे प्लेअरच्या अंगाला लागू होतो. एकाच पोराला सारखं पळवलंत, त्याने मार खाल्ला, की त्याचा खांदा, गुडघा झिजत जातो. मेंटेनन्सशिवाय मशिन चालवणाऱ्याला जी शिक्षा मिळते, तीच तुम्हाला!

पण स्टीअरिंग धरल्यावर ओळखीचंच वाटतं. मेनू तेच, आणि कॉमेंट्री काही तासांतच पाठ होते. ‘अल्टिमेट टीम’ हा मोड तर सरळ खिशावर डोळा ठेवून बसलाय. खऱ्या पैशाने पाकिटं घ्यायची, आत कोणता प्लेअर निघेल ते नशीब! वर दरवर्षी नवा गेम, म्हणजे गोळा केलेली टीम पुन्हा शून्यावर. पगाराच्या आठवड्यात या मोडपासून चार हात लांबच राहा.

एकच दुकान

हा फेसलिफ्टचा आजार आला कुठून? कोच जॉन मॅडन यांच्या नावाचा पहिला गेम 1988 मध्ये आला. तेव्हाचे कॉम्प्युटर 22 खेळाडू पेलत नव्हते, पण मॅडन अडून बसले, की 11 विरुद्ध 11 नसेल तर माझं नाव नाही. काम लांबलं, पण गेम खरा झाला. मग 2004 मध्ये ‘एनएफएल 2के5’ हा स्पर्धक फक्त 19.99 डॉलरला आला. मॅडनलाही भाव उतरवावा लागला. त्याच डिसेंबरात ईएने खऱ्या टीम आणि प्लेअर्सचे हक्क एकट्याने घेतले. खऱ्या टीमचा दुसरा तोडीचा गेम संपला! शहरात एकच डीलर उरला की डिस्काउंटचं काय होतं, ते तुम्हाला माहितीय. पीसीवाल्यांना तर ‘08’नंतर थेट 2018 च्या ‘19’पर्यंत गेमच मिळाला नाही.

तरी आपण त्यांचा हेवाच करायचा. त्याच ईएने 2006 मध्ये ‘क्रिकेट 07’ काढला आणि क्रिकेटचं दुकान बंद केलं. आपली पोरं त्यात नव्या टीम, नव्या जर्सी स्वतःच भरत राहिली. त्यांना दरवर्षी फेसलिफ्ट मिळतं, आपल्याला तेही नाही. पुण्याच्या जेटसिंथेसिसने 2020 मध्ये घेतलेल्या नॉटिलस मोबाइलची ‘रिअल क्रिकेट’ मालिका मोबाइलवर आहे, आणि 2025 मध्ये कोरियाच्या क्राफ्टनने तिथे मोठा हिस्सा घेतलाय. पैसा आलाय, आता बॉनेटखाली काय घालतात ते बघायचं.

मग घ्यायचा का?

अमेरिकेत लाँचच्या वेळी किंमत 69.99 डॉलर होती. एवढ्यात तुमचा महिन्याचा पेट्रोलचा खर्च निघतो! आधीचा ‘25’ घरात असेल तर घाई नको. अमेरिकन फुटबॉल कशाशी खातात हेच माहीत नसेल, तर सुरुवात इथूनच करा, पण सेलमध्ये. फेब्रुवारीत सुपर बोल झाला, की या गेमचा भाव जुन्या मॉडेलसारखा उतरतो. आणि जुना पीएस4 असेल तर विषयच संपला. हा भाग पीएस5, एक्सबॉक्स सिरीज, पीसी आणि स्विच 2 वरच चालतो.

गेमप्ले : चार स्टार
नावीन्य : तीन स्टार
पैसा वसूल : पूर्ण किमतीत दोन, सेलमध्ये चार
एका ओळीत : इंजिन ट्यून केलंय, चेसिस जुनीच. टेस्ट ड्राइव्ह जरूर घ्या, बुकिंग फेब्रुवारीनंतर!