अन्नाचे निकष सौद्यात नकोत

खराडीहून मुळा-मुठा ओलांडली की मांजरी. तिथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या संदर्भ प्रयोगशाळेचा शब्द निर्यातीच्या द्राक्षांतील कीडनाशकांच्या अंशाबाबत देशभर प्रमाण मानला जातो. त्याच मांजरीच्या उपबाजारातून मेथी-पालक शहरात येतो. त्या गाड्यांना मात्र निर्यातीसारखी गाडीगणिक तपासणीची सक्ती नाही. एकाच गावात हे दोन न्याय, कारण एका मालामागे युरोपातला खरेदीदार उभा आहे.

त्या खरेदीदाराचा हिसका महाराष्ट्राने 2010 मध्ये अनुभवला. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ रोखायला बागाईतदार ‘सीसीसी’, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड वापरत. युरोपची मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम, हजार टन द्राक्षांत पन्नास ग्रॅम. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हते. कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले, बागाईतदार बुडाले. पुढे यादी वाढली, तपासणी कडक झाली. निर्यातीला शिस्त लागली ती अशी, फटका बसल्यावर. पण ती शिस्त परदेशी ग्राहकापुरतीच राहिली.

आता दबाव उलट्या दिशेने येतो आहे. जनुकीय बदल केलेले नसल्याचा दाखला भारताने 2021 पासून 24 आयात पिकांसाठी सक्तीचा केला. दूध देणाऱ्या जनावरांना मांसजन्य खाद्य दिलेले नसल्याचे प्रमाणपत्रही आपण मागतो. अमेरिकेचे व्यापार कार्यालय आपल्या वार्षिक अहवालात या दोन्ही अटींची गणना ‘व्यापारातील अडथळ्यां’त करते. ब्रिटनशी जुलै 2025 मध्ये झालेल्या करारातून केंद्राने दुग्धजन्य पदार्थ बाहेर ठेवले, हे मान्यच करायला हवे. पण आयातशुल्क किती घटले हे वर्तमानपत्रात तरी येते. कुठला दाखला रद्द झाला, हे परिशिष्टात दडून जाते.

निकष सैल करायला बाहेरचा दबावच लागतो असेही नाही. एप्रिल 2024 मध्ये आपल्याच अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, देशात नोंदणी नसलेल्या कीडनाशकांसाठी मसाल्यांतील सर्वसाधारण मर्यादा 0.01 वरून 0.1 मिलिग्रॅमवर, म्हणजे थेट दहापट नेली. त्याच महिन्यात सिंगापूर आणि हाँगकाँगने काही भारतीय मसाल्यांना, वेगळ्या रसायनासाठी, हरकत घेतली. योगायोग म्हणा, पण बोलका आहे.

जागतिक व्यापार संघटनेचा अन्न-निकषांविषयीचा 1995 चा करार कडक निकषांना मनाई करत नाही; शास्त्रीय आधार मागतो. संप्रेरके दिलेल्या गोमांसावरच्या बंदीचा खटला युरोप 1998 मध्ये हरला. अमेरिकेने दंडात्मक शुल्क लावले, तरी युरोपने बंदी उठवली नाही. आपल्याला अशी पाठ ताठ ठेवायची तर आधी घरात आकडे हवेत, आणि आकडे तपासणीशिवाय येत नाहीत.

म्हणून अन्न व औषध प्रशासनाने पुण्याच्या बाजारांतील भाजी-फळांच्या अंशतपासणीचे निकाल दर महिन्याला जाहीर करावेत. व्यापार करारातील, अन्नाच्या निकषांना हात लावणारे प्रत्येक कलम सही होण्याआधी संसदेसमोर ठेवावे. खराडीपासून नाशिकपर्यंतच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात हे लेखी मागावे.