मैदान सुटलं, आता मालिशचं काम?

खेळाडूची निवृत्ती फार लवकर येते. तिशीत बाकीच्यांची नोकरी नुकती स्थिरावत असते आणि कबड्डी किंवा कुस्ती खेळणाऱ्याचा गुडघा मात्र म्हणतो, आता पुरे. क्रीडा कोट्यातून नोकरी मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर घरात एकच प्रश्न फिरत राहतो, पुढे काय?

अशा वेळी स्पोर्ट्स मसाजचा विचार जरूर करा. तालमीत हे काम जुनंच आहे. मेहनत झाली की पैलवान एकमेकांचं अंग रगडून देतात. कुठला स्नायू कधी ताठतो, हे त्यांना अनुभवाने कळतं. ही शिदोरी मोठी आहे, पण तेवढीच पुरत नाही.

मोशे फेल्डेनक्राइस यांचं उदाहरण पाहा. 1904 साली जन्मलेले हे गृहस्थ भौतिकशास्त्रज्ञ होते आणि ज्युदोतले ब्लॅक बेल्टही. फुटबॉल खेळताना त्यांचा गुडघा दुखावला, पुढे तो पुन्हा दुखावला. शस्त्रक्रियेने बरं वाटेलच, याची खात्री नव्हती. मग त्यांनी शरीररचनेचा अभ्यास केला, स्वतःच्या चालण्याचं बारकाईने निरीक्षण केलं. त्यातून सावकाश हालचाली आणि हलका स्पर्श यांवर आधारलेली पद्धत तयार झाली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ज्युदोत मुरलेल्या माणसाने लोकांना शिकवलं, ते जोर कमी करायला!

खेळाडूला नेमकं हेच जड जातं. त्याला दुखणं सोसायची सवय असते. ‘दुखतंय म्हणजे लागू पडतंय’ असं वाटून तो समोरच्यालाही जोराने दाबतो. पण ताज्या मुरगळीवर, सुजेवर मालिश करायची नसते. एकाच पायाची पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल, दुखत असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. अशा वेळी हात न लावता डॉक्टरकडे पाठवायचं. हाड मोडल्याची शंका, ताप किंवा हातापायाला बधिरपणा असेल तरी तेच.

म्हणून आधी शिका. फिजिओथेरपीच्या पदवीसाठी बारावीला विज्ञान शाखा आणि जीवशास्त्र लागतं, पुढे इंटर्नशिप धरून चार-पाच वर्षं जातात. मसाजचे अभ्यासक्रम त्याहून बरेच लहान असतात. ते निवडताना शरीररचना शिकवतात का आणि जाणकाराच्या देखरेखीखाली सराव करून घेतात का, हे विचारा. असा छोटा कोर्स करून पाटीवर ‘फिजिओथेरपिस्ट’ लिहू नका. ती फसवणूक ठरेल.

आणखी दोन गोष्टी. हात लावण्यापूर्वी दरवेळी परवानगी घ्या. लहान खेळाडू असेल तर आई किंवा वडिलांना जवळ बसवा. आणि स्वतःचे अंगठे जपा. दाब अंगठ्याने न देता शरीराच्या वजनाने द्यायला शिका, नाहीतर ही कारकीर्दही लवकर संपेल.

मैदानात थांबायची शिट्टी पंच वाजवतात. या कामात ती आपणच वाजवायची असते.