वाकळीचा हिशेब

कोल्हापूर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत थंडीच्या रात्री अंगावर ओढली जाणारी वाकळ म्हणजे त्या घराचा शिवून ठेवलेला इतिहासच असतो. वर आजीचे विरलेले लुगडे, आत आजोबांच्या धोतराचे पदर, मुलांचे आखूड झालेले सदरे, आणि या साऱ्यांना कडेपासून मध्यापर्यंत बांधून ठेवणारा धावदोरा. अलीकडे शहरांतील शोभिवंत दुकानांत हीच वस्तू निराळ्या नावाने व भरमसाट किमतीला विकली जाते. जुन्या साडीचे जाकीट, जुन्या विजारीची पिशवी, चिंध्यांचे गालिचे यांचे वर्गही चालतात. जुन्यातून नवे करण्याची कला फॅशन झाली, याचा आनंद मानावा की खेद करावा?

प्रथम हे मान्य केले पाहिजे, की ही कला कोणत्याही फॅशनकाराने शोधलेली नाही. लुगडे मध्यावर विरले की ते कापून, धड बाजू जोडून त्याला दंड घालणारी, त्याहून जुने झाले की मुलीचे परकर-पोलके आणि तान्ह्या बाळाचे झबले, टोपडे, दुपटे बेतणारी, सदऱ्याची झिजलेली कॉलर उलटून बसवणारी, मुलगी वाढेल म्हणून परकराला आधीच टक घालून ठेवणारी स्त्री ही या विद्येची खरी आचार्य होय. एकाच कापडाला ती चार-पाच जन्म देई आणि अखेरचा जन्म पोतेऱ्याचा असे. गरिबाने ठिगळ लावले तर ते दैन्य आणि श्रीमंताने लावले तर ती अभिरुची, हा न्याय मात्र नवा नाही. प्रतिष्ठेसाठी केल्या जाणाऱ्या दिखाऊ उपभोगाची मीमांसा थॉर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ मध्येच करून ठेवली आहे.

दुसरा प्रश्न हिशेबाचा आहे. एखाद्या गृहस्थाने आपल्या घरकामवालीशी विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, या विसंगतीकडे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्ये लक्ष वेधले होते. काम तेच, हात तेच. केवळ वेतन थांबले म्हणून ते काम हिशेबातून नाहीसे होते. घरी बनवलेल्या वस्तूला राष्ट्रीय लेख्यांत तत्त्वतः जागा आहे. परंतु घरातला दंड, रफू, ठिगळ ही ‘सेवा’ ठरते आणि बाहेर राहते. आणि घराघरांतल्या वाकळी मोजायला तरी कोणता गणक येतो? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यावरील वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे आढळला. म्हणून ‘घरच्या घरी जुन्याचे नवे करा’ हा उपदेश करताना तो कोणाला केला जात आहे, हे स्वतःला विचारले पाहिजे. सुई आईच्याच हाती राहणार असेल, तर काटकसरीच्या गोंडस नावाखाली तिच्या ओझ्यावर आणखी एक गाठोडे चढेल, इतकेच.

येथे दारिद्र्याचे गोडवे गाण्याचाही मोह टाळला पाहिजे. वाकळ उबदार होती हे खरे, पण ती शिवली गेली ती नवे पांघरूण घेण्याची ऐपत नव्हती म्हणून. समाजवाद्यांचे ध्येय सर्वांना धड वस्त्र हे आहे. सर्वांना ठिगळ हे नव्हे.

मात्र आजची अडचण टंचाईची राहिलेली नाही, अतिरेकाची आहे. स्वस्त, टिकाऊपणाची हमी नसलेले तयार कपडे हंगामागून हंगाम बाजारात ओतले जातात. त्यांत कृत्रिम धाग्याचा भरणा मोठा. सुती लुगडे धुण्यागणिक मऊ होत जाई. या कापडाला घाम शोषता येत नाही आणि मातीत ते लवकर कुजतही नाही. या स्वस्ताईची किंमत कोण देतो? २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे चिरडून मेली. त्यांत बहुसंख्य कपडे शिवणारे कामगार होते. इकडे पंचगंगेच्या पाण्यालाही कापड रंगवण्याची किंमत मोजावी लागलीच आहे.

कोल्हापूरला या प्रश्नाकडे तटस्थपणे पाहता येणार नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १९०६ मध्ये पाया घातलेली कापड गिरणी २००३ मध्ये बंद पडली. जिल्ह्यातच इचलकरंजीचे यंत्रमाग आहेत, शिवणकाम जाणणाऱ्या हजारो स्त्रिया आहेत आणि मागांवरच्या चिंध्याही आहेत. हरियाणातील पानिपतला जगभरची टाकाऊ वस्त्रे फाडून, पिंजून त्यांचे सूत काढणारा मोठा उद्योग उभा राहिला. मग वाकळीच्या जिल्ह्यात जुन्या कापडाचा सन्माननीय व्यवसाय का उभा राहू नये?

‘बाजार देईल ती किंमत बाईला मिळतेच की!’ असे यावर सांगितले जाईल. पण एकटी बाई किंमत ठरवत नाही, ती स्वीकारते. वाकळीवरचा नफा दुकानात आणि टाके घालणारीला किरकोळ मजुरी, हा व्यवहार दानशूरपणाच्या भाषेत कितीही सजवला तरी शोषणच आहे. त्यावर उपाय संघटनेचा. १९६३ पासून सहकारी दूध संघ चालवून दुधाच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या या जिल्ह्याला टाक्यांचा हिशेब अवघड वाटू नये.

कार्यकर्त्यांनी प्रारंभ लहान करावा. एका वॉर्डात, एका गावात पाच-सात स्त्रियांचे दुरुस्ती केंद्र काढावे. वाकळीला लागणारे तास मोजून मजुरीचा दर जाहीरपणे ठरवावा. विक्रीचा हिशेब फळ्यावर मांडावा. आणि स्वतःच्या सदऱ्याचे तुटलेले बटण स्वतः लावून त्या केंद्राचे उद्घाटन करावे. ज्याला आपले फाटलेले शिवता येत नाही, त्याने समाजाचे उसवलेले सांधण्याची भाषा जरा जपूनच करावी.